वाड्यावरचा नरकासुर पर्यावरणाला न दुखवता करता येतो का?

आपण विचारले आहे की, गोव्यातील एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, नुकतेच राहायला आल्यानंतर तेथील मुलांबरोबर नरकासुराचा पुतळा करण्याची इच्छा आहे, परंतु घरात प्लास्टिकची पिशवीही शक्यतो न आणणाऱ्या माणसाने एका रात्रीत जाळून टाकायच्या कलाकृतीत हात घालावा की नाही. फोंडा तालुक्यातील आमच्या वाड्यावर मी बरीच वर्षे या कामात असल्यामुळे एवढे सांगतो की, अवश्य हात घाला. मात्र पहिल्याच बैठकीत, उंचीची चर्चा सुरू होण्यापूर्वी, जाळल्यानंतर रस्त्यावर काय उरणार हे विचारून घ्या.

हा प्रश्न आम्ही एका वर्षी विचारला नव्हता. स्पर्धेचे बक्षीस डोळ्यांसमोर होते, म्हणून तोंड थर्माकोलचे कोरले, त्यावर ऑइल पेंट दिला आणि सांगाडा तारेने आवळला. नरकचतुर्दशीच्या पहाटे तो पेटवला तेव्हा गवत भुरकन जळाले, पण तोंड वितळून काळ्या धुरासकट खाली आले आणि डांबरासारखे रस्त्याला चिकटले. दारात रांगोळी घालायला आलेल्या शेजारच्या आजी कोयत्याने ते खरवडत बसल्या. आम्हाला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, हेच अधिक लागले. राखेत राहिलेल्या तारांनी पुढे कित्येक स्कूटरी पंक्चर केल्या, त्यांत पहिली आमच्या खजिनदाराची.

तेव्हापासून तोंड कागदाचे असते, आणि खरे सांगायचे तर कलेच्या दृष्टीनेही तेच अधिक समाधानाचे काम आहे. चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, गावातील गणपती घडवण्याच्या चित्रशाळेत उरलेली चिकणमाती आणून फळीवर नाक, गाल, भुवया उठवायच्या. त्यावर वर्तमानपत्राचा पहिला थर नुसत्या पाण्याने बसवायचा, म्हणजे मुखवटा मातीपासून सहज सुटतो, आणि मग मैद्याच्या खळीने सात-आठ थर चढवायचे. परतीच्या पावसाने दुपारी गाठलेच तर मुखवटा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चुलीवरच्या माळ्यावर सुकतो, त्यामुळे त्या घरातली बाईमाणसेही आपोआप कामात ओढली जातात. माती भिजवून पुढच्या वर्षासाठी ठेवतो. रंगांना काव म्हणजे तांबडी माती, चुना आणि कोळशाची पूड पुरते. जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रेही चुना आणि काव या दोघांवरच उभी आहेत. पहिल्या वर्षी डोळ्यांना हळद लावली होती, ती खालच्या चुन्याला लागून कुंकवासारखी लाल झाली, आणि ते तांबारलेले डोळे मुलांना इतके आवडले की आता ते मुद्दाम तसेच करतात.

गवताची अडचण मात्र खरी आहे. यंत्राने कापणी होऊ लागल्यापासून लांब पेंढा सहज मिळत नाही, आणि मिळाला तरी तो आधी गुरांचा आहे. म्हणून आम्ही परसातील सुकलेले गवत आणि माडाची झावळे वापरतो आणि जेवढे जमेल तेवढाच नरकासुर उंच करतो. बांबूचा सांगाडा पेटवण्याआधी काढून घेता येईल असा काथ्याने बांधलेला असतो. तो दोन-तीन वर्षे टिकतो.

नैसर्गिक वस्तू वापरली म्हणजे सारे साधले, असेही समजू नये. आपल्या माटोळीचे उदाहरण घ्या. सुपारीचे शिपटे आणि नारळाची पेंड म्हणजे त्यांचे घड, तोरिंगण, कवंडळ, आंबाडे अशा रानातल्या आणि परसातल्या जिनसांची ही आरास चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधली जाते, आणि तिच्यातले बहुतेक सारे पुढे खाल्ले जाते किंवा मातीत जाते. परंतु तीच माटोळी बाजारातून विकत घेण्याची आणि स्पर्धेसाठी जिनसांची संख्या वाढवत नेण्याची चढाओढ लागली की रानातल्या वेली मुळासकट ओरबाडल्या जातात. स्पर्धेने लोकांना रानझाडांची नावे पुन्हा शिकवली, हे मी मान्य करतो. पण फळ तोडणारा हात आपला असला तर वेल राखली जाते, एवढा फरक मी पाहिला आहे.

मूर्तींच्या बाबतीत निदान नियम तरी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या सुधारित सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिस आणि थर्माकोल दोन्ही वर्ज्य ठरवले आहेत. नरकासुर पाण्यात न जाता रस्त्यावर संपतो, म्हणून त्याचा हिशेब वाड्यालाच ठेवावा लागतो. आमच्याकडे पेटवणारी मुलेच उजाडण्यापूर्वी रस्ता झाडतात आणि राख माडांच्या आळ्यात टाकतात. त्याशिवाय त्यांना दिवाळीचे फोव, म्हणजे पोहे, मिळत नाहीत.

वाड्यावरील मुले ऐकणारच नसतील, तर त्या पहाटे तुळशीपुढे अंगठ्याखाली चिरडायचे कारीट कुंपणावरून स्वतः शोधून आणा आणि त्यांतल्या एखाद्या मुलाला बरोबर न्या. ती वेल नेमकी कुठे असते हे त्याला बहुधा ठाऊक असते.