पोस्टरसाठी एफडी मोडावी का?

बडोद्याच्या एका वाचक ताई सयाजीराव विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करतात, चौथं वर्ष चालू आहे. जर्मनीतल्या एका परिषदेत त्यांचं पोस्टर, म्हणजे संशोधन मांडणारा फलक, स्वीकारलं गेलंय. खर्च १ लाख ९० हजार. एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ संशोधन फेलोशिपचे, दरमहा ४२,००० मिळतात, पण मध्येच दोन-तीन महिने अडकतात. शिल्लक म्हणजे २ लाख ४० हजारांची एफडी. आई विचारते, "एका पोस्टरपायी एवढे पैसे?"

ताई, आईंचा प्रश्न रास्त आहे. पोस्टरपाशी दोनेक तास उभं राहायचं असतं. बहुतेक जण नजर टाकून पुढे जातात. पण ज्यांचे पेपर तुम्ही वाचत आलात, त्यांच्यापैकी कुणी थांबतं, आलेखावर बोट ठेवून विचारतं, "हेच कमी तापमानाला करून पाहिलंत का?" एरवी हा प्रश्न जर्नलच्या परीक्षकाकडून कित्येक महिन्यांनी आला असता. शिवाय उद्या पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, त्यांना मेल कराल, तेव्हा तुम्ही कोण हे सांगावं लागणार नाही. चौथ्या वर्षात याचं मोल फार आहे. पहिल्या वर्षात असतात तर मी सरळ नको म्हटलं असतं. तेव्हा आजच कार्यक्रमपत्रिका उघडा आणि कुणाकुणाला भेटायचंय ती नावं लिहा. चार नावंसुद्धा निघाली नाहीत, तर जाऊ नका.

एफडीला मात्र हात लावू नका. फेलोशिप अडकते त्या महिन्यांत घरभाडं आणि मेस त्यातूनच भागणार आहे. पर्सनल लोन तर नकोच नको.

पैसे मागा. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन ही संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था परदेशी परिषदेत शोधनिबंध मांडणाऱ्यांना प्रवास अनुदान देतं. त्यात विमानभाडं, नोंदणी आणि व्हिसाचं शुल्क येतं. अर्ज बराच आधी करावा लागतो, म्हणून याच आठवड्यात बसा. फेलोशिपसोबत किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या कॉन्टिन्जन्सीत काय बसतं ते गाइडना विचारा, आयोजकांना विद्यार्थी सवलतीसाठी मेल टाका. मागायला संकोच कसला? १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर.

माझ्या मते स्वतःच्या खिशातून ५० हजारांवर जायचं नाही, तेही फेलोशिपमधून आतापासून बाजूला काढून. तेवढ्यात जमलं नाही, तर केमिकल रिसर्च सोसायटी ऑफ इंडियाचं वार्षिक राष्ट्रीय संमेलन गाठा. रेल्वेनं जाता येतं, आणि तुमच्या विषयातली आपल्याकडची जाणती मंडळी तिथे भेटतात.

जायचं ठरलंच, तर तिकडे साधं क्रेडिट कार्ड वापरू नका. परकीय चलनावर बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार आणि वर जीएसटी लावतात. आधीच परकीय चलन भरून ठेवता येतं असं फॉरेक्स कार्ड घ्या. नोंदणीचे पैसे भरण्याआधी परताव्याची अट नीट वाचा, कारण व्हिसा नाकारला गेला तर त्याचे ९० युरो परत मिळत नाहीत. निदान नोंदणीचे तरी मिळायला हवेत.