ऑयलर-बर्नोली की टिमोशेंको: बीमसाठी कोणता सिद्धांत घ्यावा?
घणसोलीतील इमारतीच्या बीमसाठी यांपैकी कोणता सिद्धांत धरावा, असे आपण विचारले आहे. ऑयलर-बर्नोली सिद्धांतात वाकल्यानंतरही बीमचा आडवा छेद तटस्थ अक्षाला (वाकताना ज्या रेषेची लांबी बदलत नाही तिला) काटकोनातच राहतो असे मानतात, म्हणजेच कर्तनामुळे (शिअर, म्हणजे शेजारचे थर एकमेकांवरून सरकवणारा ताण) होणारे विरूपण सोडून देतात. टिमोशेंको यांनी १९२१ मध्ये नेमके तेच हिशेबात घेतले. साध्या टेकूंवरील, सर्वत्र समान भार असलेल्या आयताकृती काँक्रीट बीमचा स्पॅन (टेकूंमधील अंतर) ४.५ मीटर आणि खोली ४५० मिलिमीटर असेल, तर कर्तनाने डिफ्लेक्शन (बीमचे खाली झुकणे) जेमतेम २.३ टक्के वाढते. पार्किंगसाठी खालचे कॉलम थांबवून घातलेला ट्रान्स्फर गर्डर मात्र त्याच स्पॅनला १.५ मीटर खोल असेल, तर ही वाढ सुमारे २६ टक्क्यांवर जाते. तिथे टिमोशेंकोच वापरावा, असा माझा आग्रह आहे. स्पॅन खोलीच्या दुपटीहूनही कमी असल्यास आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकानुसार तो बीम ‘डीप बीम’ ठरतो आणि दोन्ही सिद्धांत अपुरे पडतात.