गाणी ऐकायला महागडा कॉम्प्युटर घेतला तर आवाज खरंच सुधारतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच-सहा वर्षं जुना लॅपटॉप हेडफोनच्या भोकातून ॲम्प्लिफायरला जोडून गाणी ऐकता, आवाज 'स्वच्छ' वाटत नाही, आणि दुकानदारानं सत्तर हजारांचा 'खास ऑडिओसाठी' कॉम्प्युटर सुचवलाय. घ्यावा का?

घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नको. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने (मोजमापं), प्रत्येक 16 बिटांचा, डावा-उजवा मिळून साधारण 1,411 किलोबिट. एवढं काम दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही झोपेत करतो. फाइल तीच असेल आणि मध्ये कुणी लुडबूड केली नाही, तर जुन्या-नव्या दोन्ही मशीनमधून बाहेर पडणारे आकडे तेच असतात. बिघडतं ते पुढे, आकड्यांचा आवाज होताना आणि तारांमधून.

मी कोल्हापुरात, उद्यमनगरात पॅनेल वायरिंगचं काम करतो, म्हणून माझं डोकं आधी अर्थिंगकडे जातं. तरी स्वतःच्या घरी मला ते सुचलं नव्हतं, हे कबूल करतो. मंगळवार पेठेत आमचं जुनं घर. हॉलमध्ये ॲम्प्लिफायर, लॅपटॉप आतल्या खोलीत, मधून लांब वायर ओढलेली. एकदा काका आले. त्यांचं निम्मं आयुष्य देवल क्लबात बैठका ऐकण्यात गेलंय. ख्याल लावला होता, गवयाचा सा सफेद एक (हार्मोनियमची पहिली पांढरी पट्टी). दोन मिनिटं ऐकून काका म्हणाले, "तंबोऱ्याचा पंचम चढलाय की रे." मला वाटलं, वय झालं. पण गाणं थांबवलं तर तंबोरा थांबला आणि 'पंचम' चालूच! स्पीकरमधलं हमिंग होतं ते. आपल्याकडे लाइट 50 हर्ट्झची, त्यामुळे हमिंगमध्ये 100 हर्ट्झही येतो. सफेद एकचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम साधारण 98 हर्ट्झ. दोघं एकत्र वाजले की सेकंदाला दोनेक हेलकावे येतात, आणि काकांच्या कानाला तेच बोचत होतं. मी मात्र वर्षभर ते तंबोऱ्यातच जमा करत होतो.

कारण साधं होतं. हॉलचं आणि आतल्या खोलीचं वायरिंग वेगवेगळ्या काळात झालेलं. तीन पिनांच्या चार्जरमुळे लॅपटॉपला एका बाजूनं अर्थ, ॲम्प्लिफायरला दुसऱ्या बाजूनं, आणि गाण्याच्या वायरमुळे दोन्ही जोडलेले. झाली पूर्ण साखळी. त्या साखळीतून फिरणारा करंट स्पीकरमध्ये ऐकू येतो. दोन पिनांचा चार्जर असला तरी सुटका नाही. त्यातून थोडा करंट गळतो (धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की मुंग्या येतात ना, तोच) आणि तो गाण्याच्या वायरीतून अर्थ शोधत जातो. दोन्ही वस्तू एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणल्या, वायर आखूड केली, हमिंग बहुतेक गेलं. पण काही लोक अशा वेळी अर्थची पिनच काढून टाकतात. तेवढं मात्र कधीच करू नका. हमिंग परवडलं, शॉक नको.

तुम्ही आज रात्री वर्दळ कमी झाल्यावर हे करून बघा. गाणं न लावता ॲम्प्लिफायरचा आवाज थोडा वाढवा, कान स्पीकरपाशी न्या आणि माउस फिरवा. बारीक चिर्रचिर्र आली, तर ती लॅपटॉपच्या आतल्या सर्किटची कुरकुर आहे. मग आवाज कमी करा (नाहीतर ठक्क होईल), चार्जर काढा, आवाज पुन्हा तेवढाच करा आणि परत ऐका. सलग घूं थांबली तर दोष चार्जर-अर्थिंगचा.

चिर्रचिर्रीवर उपाय म्हणजे बाहेरचा डॅक. आकड्यांचा आवाज करणारी ही डबी यूएसबीला लावायची आणि तिथून ॲम्प्लिफायरला जायचं. माझी चिर्र यानेच गेली. डॅक लावूनही काही उरलंच, तर ऑप्टिकल केबल. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, म्हणजे अर्थचा रस्ताच तुटतो.

सेटिंगचंही एक बघा. विंडोज सगळे आवाज मिक्सरमधून नेतं आणि तिथे ठरवलेल्या नमुन्यांच्या एका दरावर आणतं, बऱ्याचदा सेकंदाला 48,000 वर. शिवाय कंपनीनं घातलेली 'एन्हान्समेंट' नावाची भानगड चालू असते, ती बास फुगवते. ती बंद करा. प्लेयरमध्ये 'वासापी एक्स्क्लुझिव्ह' (WASAPI Exclusive) असेल तर तो निवडा, मिक्सर बाजूला राहतो. खरं सांगायचं तर दर बदलल्याचा फरक मला डोळे मिटून ओळखता येत नाही. एन्हान्समेंटचा मात्र कुणालाही कळेल. ब्लूटूथनं जोडत असाल तर गाणं परत एकदा दाबलं जातं, म्हणून वायरच बरी.

कॉम्प्युटर बदलून खरा फरक पडतो तो पंख्याचा. विलंबित आलापात गवई श्वास घेतो त्या शांततेत लॅपटॉपचा पंखा घोंघावला की सगळं मुसळ केरात. तेवढ्यासाठी पंखा नसलेलं छोटं मशीन घ्यायला माझी ना नाही. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटरसुद्धा पुरतो. फक्त चौथ्या पिढीपर्यंतच्या पायचं हेडफोनचं भोक वापरू नका, ते कामचलाऊ आहे, डॅक लावा. किंवा आहे तोच लॅपटॉप लांब ठेवा आणि गाणी मोबाईलवरून बदला. मी आता तेच करतो.

आणि गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी ऐकून 'खरखर येते' म्हणत असाल, तर ती तबकडीतच आहे. सत्तर हजारांचा काय, सात लाखांचा कॉम्प्युटर आणला तरी ती तशीच वाजणार.

माउसची चाचणी करा आणि काय ऐकू आलं ते खाली लिहा. ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूचा फोटोही टाका. ऑप्टिकलचं भोक आहे का ते बघू, मग कुठला डॅक घ्यायचा ते सांगतो.