अंबाबाईच्या हातातलं फळ

प्रिय सई,

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात लिंबू आहे की आंबा, आणि ते फळ तिकडे कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइडला मिळेल का, असं तू विचारलंस. ते महाळुंग आहे. संस्कृतात मातुलिंग, हिंदीत बिजौरा, इंग्रजीत सिट्रॉन. वरच्या हातांत गदा नि ढाल, खालच्या डाव्या हातात पानपात्र. दुर्गासप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यातही देवीच्या हातात ह्याच चार वस्तू सांगितल्या आहेत.

महाळुंग ओळखताना रंग आणि आकारावर जाऊ नकोस. ईडलिंबूही खडबडीत असतं, पपनस तर चांगलंच मोठं. आधी पान बघ. पपनसाच्या पानाच्या देठाला दोन्हीकडे रुंद पंख असतात, मोठ्या पानाखाली छोटं पान चिकटवल्यासारखे. महाळुंगाला ते जवळजवळ नसतातच, आणि देठ पानाला मिळतो तिथे सांधाही दिसत नाही. पालवी आणि कळ्या जांभळट.

पान नसेल तर फळ आडवं काप. पिवळ्या सालीखाली बोटभर जाड पांढरा थर, मधोमध फोडींचा लहानसा गोल, रस जेमतेम, बिया भरपूर. पपनसाचा पांढरा थर स्पंजासारखा दबतो, महाळुंगाचा घट्ट असतो. नखाने साल जराशी खरवडलीस की वासानेच कळेल.

तुझ्या विद्यापीठातच लिंबूवर्गीय झाडांचा मोठा संग्रह आहे, हजाराहून जास्त वाण. तिथलं फळ तोडायचं नाही, पण त्यांच्या संकेतस्थळावर एकेका वाणाचे फोटो आहेत. पानं त्यांच्याशी ताडून बघ. विकत हवं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्यू लोकांच्या सुक्कोत सणासाठी येणारं एत्रोग शोध. ते महाळुंगच. सणाआधी फार महाग, सण संपला की भाव उतरतो. मात्र ते खायला म्हणून पिकवलेलं नसतं, फवारणी झालेली असू शकते; बघायला, हुंगायला घे, खाऊ नकोस. खायचं असेल तर थंडीत चिनी दुकानांत ‘बुद्धाज हँड’ मिळतं. बोटं फुटलेलं महाळुंगच ते, आत गर नाही, नुसती साल.

त्याचा पाक सोपा आहे. सालीच्या अर्धा किलो फोडी पाण्यात उकळ, पाणी फेकून दे, नव्या पाण्यात सुई सहज आरपार जाईपर्यंत शिजव. मगच अर्धा किलो साखर आणि वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ठेव. फोडी पारदर्शक दिसल्या की झालं. घाईने साखर आधी पडली तर फोडी चिवट होतात आणि मग कितीही शिजवल्या तरी मऊ होत नाहीत. शेवटी एका लिंबाचा रस पिळ, म्हणजे पाकात साखरेचे खडे धरत नाहीत.

आत्या कोल्हापूरहून येतेय म्हणून तिला फळ किंवा रोप आणायला मात्र सांगू नकोस. फळापानांबरोबर कीड आणि रोग येतात, म्हणून ते आणायला बंदी आहे. तिकडच्या बागांना ग्रीनिंग ह्या लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाची धास्ती आधीच आहे.

— आई