माळ्यावरची टाकी पुन्हा खाली उतरवताना

घरच्या माशांच्या टाकीबद्दल नाशिककर वाचकांचे या वेळी आलेले बहुतेक प्रश्न जुन्या शौकिनांचे आहेत. कॉलेजात असताना घरी मासे होते, मग नोकरी, बदल्या, मुलांच्या शाळा यांत टाकी माळ्यावर गेली आणि आता पुन्हा हात शिवशिवतायत. मधल्या काळात दुकानातल्या वस्तू बदलल्या. हाताच्या सवयी मात्र जुन्याच आहेत आणि गडबड बहुतेक वेळा तिथेच होते.

सिडको: माझी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकी बारा वर्षं पडून आहे. काच धड दिसते. तशीच वापरू का?

काच धड असेलही, पण भरवसा नसतो तो सांध्यांतल्या सिलिकॉनचा. वर्षानुवर्षं कोरडं राहून ते कडक होतं, कडेने सुटतं. कोपऱ्यात नख दाबून बघा. दबून पुन्हा वर आलं तर जीव आहे. पापुद्रा निघाला तर वरून नवा थर ओढून भागणार नाही, कारण नवं सिलिकॉन जुन्याला धरत नाही. ब्लेडने सगळं खरवडून, काच स्पिरिटने पुसून नव्याने भरावं लागतं. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं औषध माशांना बाधतं.

मग सपाट जागी थर्माकोलवर टाकी ठेवा, भोवती वर्तमानपत्र पसरा आणि थोडं थोडं करत भरा. दोन दिवस हलवू नका. बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही, कागदावरचा डाग मात्र लगेच दिसतो. ही टाकी काठोकाठ भरली तर सव्वाशे लिटर पाणी बसतं. काच, वाळू धरून वजन दीडशे किलोच्या पुढे जातं, तेव्हा टीव्हीच्या शोकेसवर ठेवायचा विचार सोडा. लोखंडी स्टँड करून घ्या आणि खिडकीचं ऊन थेट येईल अशी जागा टाळा, नाहीतर शेवाळच पाळावं लागेल.

पंचवटी: दुकानदार म्हणतो, एक दिवस फिल्टर चालवा आणि मासे सोडा. पूर्वी आम्ही तेच करायचो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत मासे मरायचे. चुकायचं कुठे?

चुकायचं ते याच घाईत. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद काढून घेतं, म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून आटोक्यात राहतं. हे जिवाणू वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आणि आपण काय करायचो? दर रविवारी मासे बादलीत, खडे घमेल्यात, फिल्टर नळाखाली खसाखसा धुवायचा, सगळं पाणी नवं. टाकी चकाचक व्हायची आणि बसत आलेली वस्ती नळातल्या क्लोरीनने साफ व्हायची. घरच्यांना वाटायचं, नजर लागली.

आता असं करा. वाळू, पाणी, फिल्टर सुरू करून मासे न सोडता रोज चिमूटभर खाणं टाका. ते कुजून अमोनिया होईल. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा तुकडा विरजणासारखा आपल्या फिल्टरमध्ये घाला, वेळ बराच वाचतो. मात्र आणताना तो टाकीच्याच पाण्यात ओला ठेवा. बाटलीतले जिवाणूही मिळतात, पण उन्हात तापलेल्या शेल्फवरच्या बाटलीवर माझा विश्वास नाही. पहिल्या काही दिवसांत पाणी दुधट झालं तर घाबरून ओतून देऊ नका. ते आपोआप निवळतं.

टेस्ट किटवर एकच खर्च करायचा असेल तर अमोनिया आणि नायट्राइटच्या किटवर करा. खाणं टाकत असतानाही आधी वाढलेले दोन्ही आकडे शून्यावर आले की चार-पाच लहान मासे सोडा. बाकीचे पंधरवड्यांनी. पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. नळाच्या पाण्यात हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घालून क्लोरीन घालवायचं.

पाथर्डी फाटा: सोसायटीत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी मिसळून येतं, उन्हाळ्यात टँकर. टीडीएस ६०० दाखवतो. आरओचं पाणी वापरू?

नुसतं आरओचं नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच कधीही घसरू शकतो. टीडीएसचा आकडा एकूण क्षार सांगतो, कोणते ते नाही. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं, असतं. पाण्याशी झगडण्यापेक्षा त्याला मानवणारे मासे घ्या. मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड पाणी आवडतं. मृदू पाणी लागणाऱ्या डिस्कस माशाचा हट्ट तेवढा सोडा. टँकर सुरू झाला की पाणी एका वेळी थोडंच बदला.

गंगापूर रोड: हीटर खरंच लागतो का?

नाशिकच्या थंडीत, हो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो. घरात तेवढं होत नाही, पण दिवस-रात्रीच्या चढउताराने मासे अशक्त होतात आणि अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसू लागतात. लिटरला एक वॉट धरा. पाणी काढण्याआधी हीटर बंद करून थोडा वेळ थांबा, नाहीतर काच तडकते. गोल्डफिश मात्र गार पाण्याचा मासा, त्याला हीटर नको. त्याला काचेचा वाडगाही नको, कितीही गोंडस दिसला तरी.

नाशिकरोड: काच साफ करायला आणलेला सकर फूटभर झालाय. रामकुंडावर सोडला तर पुण्यच ना?

नाही. हा दक्षिण अमेरिकेतला मासा. भारतातल्या अनेक नद्या-तळ्यांत तो असाच कुणीतरी सोडल्यामुळे पसरलाय. अंगावर हाडांचं चिलखत असल्याने इथले शिकारी मासे त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत आणि प्रजननासाठी तो काठाच्या मातीत बिळं करतो. मोठा झाल्यावर शेवाळही फार खात नाही, घाण मात्र भरपूर करतो. दुकानदाराला परत द्या, बरेच जण घेतात. घेत नसेल तर मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. काचेवरच्या शेवाळासाठी लोहचुंबकाचा ब्रश मिळतो, तो दिव्याचे तास कमी केल्यावर आठवड्यातून एकदा फिरवला तरी पुरतो.