मातीच्या भांड्यांचा आवा (भांडी भाजायची भट्टी) किती दिवसांनी लावावा?

ठरावीक दिवस धरू नका. आवा भरण्याइतका माल पूर्ण वाळला की लावायचा. अर्धवट भरलेल्या आव्यालाही सरपण जवळपास तेवढंच लागतं आणि रिकाम्या जागेमुळे आच सारखी लागत नाही.

आपल्या विदर्भात हंगामच वेळापत्रक ठरवतो. फेब्रुवारी ते मे माठ-रांजणांना मागणी आणि ऊन कडक, म्हणून आवे लवकर लवकर लागतात. तेव्हा वेचणी संपलेल्या शेतातल्या पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) आणि तुराट्याही (तुरीच्या वाळलेल्या काड्या) सरपणाला मिळतात. पावसाळ्यात माल वाळत नाही, सरपण ओलं, तेव्हा थांबलेलंच बरं. मग नवरात्राचे घट आणि दिवाळीच्या पणत्या.

घाई मात्र कधीच करू नका. माठ सावलीत हळूहळू वाळवा, शेवटी ऊन द्या. गालाला लावून थंड लागला तर आत ओल आहे. १०० अंशांना तिची वाफ होते आणि भांडं फुटतं. म्हणून सुरुवातीला धग मंदच ठेवा. ६०० अंशांच्या वर गेल्याशिवाय माती पक्की होत नाही, कच्चं भांडं पाण्यात विरघळतं. भाजून झाल्यावर आवा आपोआप निवू द्या. गरम असताना उघडला की गार वाऱ्याने तडे जातात, आणि एवढी मेहनत वाया जाताना पाहवत नाही.