आधी मुलाशी बोला, डिप्लोमाचं नंतर

पत्राचा सारांश: चंद्रपूरजवळच्या भूमिगत कोळसा खाणीत सरदार (पाळीतल्या कामगारांच्या सुरक्षेवर देखरेख करणारा पर्यवेक्षक) असलेल्या वडिलांचं पत्र. मुलाला बारावीत ६१ टक्के. त्याने मायनिंगचा डिप्लोमा करावा, अशी वडिलांची इच्छा. त्याला मात्र समाजकार्य शिकून खाण कामगारांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करायचं आहे. ‘हे खूळ त्याच्या डोक्यातून काढा,’ अशी विनंती.

नमस्कार,

तुमच्या पत्रात डिप्लोमावर दीड पान आहे. शेवटी घाईघाईत तुम्ही लिहिलंय, ‘रात्र-रात्र जागतो, जेवण टाकतो, परवा म्हणाला मी नसतो तर तुमची काळजी मिटली असती. नाटकं करतो.’ मी या ओळींपाशीच थांबलो. हे नाटक नाही. ते वाक्य खरं मानून आजच त्याच्याशी बोला.

त्याच्या मित्राच्या वडिलांनी गेल्या वर्षी आत्महत्या केली. ते तुमच्याच शिफ्टला होते. त्यांच्याबद्दल तुम्ही ‘काहीतरी घरगुती असेल’ एवढंच लिहिता. एवढं मोठं दुःख कॉलनीने असं एका वाक्यात मिटवलेलं पाहून तुमच्या मुलाला काय वाटलं असेल? आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं. तुम्हालाही आपल्या सोबत्याचं जाणं लागलं असेल, तर तेही त्याच्याजवळ बोला.

‘मरणाचा विषय काढला तर नको तो विचार त्याच्या मनात भरेल,’ असं तुम्ही म्हणता. हा गैरसमज घरोघरी आहे, आणि तो घातक आहे. तुम्ही सरदार आहात. पाळी सुरू होण्याआधी छताला ठोकून आवाज ऐकता. बोदा आवाज आला की माणसं मागे घेता, आधाराची सोय करता. ठोकल्यामुळे छत सैल झालं, असं तुम्ही कधी म्हणाल का? विचारण्याचंही तसंच आहे. सरळ विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात पेरला जात नाही. उलट आधीच असलेला विचार बोलून दाखवायला वाट मिळते. ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ असं स्पष्ट विचारा. मग गप्प बसून ऐका. ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य त्या दिवशी तरी नको.

तो ‘हो’ म्हणाला, किंवा उत्तरच टाळलं, तर त्याला एकटा सोडू नका. शेतातली फवारणीची आणि घरातली औषधं कुलपात ठेवा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच्यासोबत तुम्ही स्वतः जा. आईला एकटीला पाठवू नका. उपचार घेतले तर पुढे नोकरीत अडेल अशी भीती तुम्ही लिहिली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. त्या भीतीपायी उपचार लांबवू नका.

आता त्याच्या ‘खुळा’बद्दल. ऑस्ट्रेलियात दूरच्या खाणींवर विमानाने ये-जा करणाऱ्या, आठवडेच्या आठवडे घरापासून लांब राहणाऱ्या कामगारांच्या मानसिक आरोग्याची पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने चौकशी केली. २०१५ मध्ये तिचा अहवाल आला आणि २०१९ मध्ये तिथल्या सरकारने अशा कामगारांसाठी आचारसंहिता काढली. तिथे ‘मेट्स’सारखी संस्था खाण कामगारांनाच सोबत्याची घालमेल ओळखायला शिकवते. आपल्याकडे १९५५ च्या खाण नियमांनी ५०० किंवा अधिक कामगारांच्या खाणीत कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. समाजकार्याची पदवी तिथे उपयोगी पडते. म्हणजे मुलगा हवेत बोलत नाही. खाण कामगाराच्या घरात वाढल्याने त्याला त्या कामाची गरज तुमच्या-माझ्याआधी दिसली आहे.

वाट साधी आहे: बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) किंवा कोणतीही पदवी, मग एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) आणि पुढे मनोरुग्ण समाजकार्याचं प्रशिक्षण. मायनिंगचा डिप्लोमा, मग ओव्हरमनची (सरदाराच्या वरच्या पदाची) परीक्षा हा मार्ग चांगलाच आहे, पण ज्याला तो हवा आहे त्याच्यासाठी.

तरीही एक गोष्ट त्यालाही सांगा. स्वतःला झोप लागत नसताना दुसऱ्यांच्या दुःखाचं काम लगेच अंगावर घेऊ नये. आधी त्याचे उपचार होऊ द्या. यंदा कुठलाच प्रवेश झाला नाही तरी चालेल. दोन्ही अभ्यासक्रम पुढच्या वर्षीही असतील.